तबक कोण धरणार?

माझ्या कपाटाच्या वरच्या कप्प्यात शाली आहेत. किती आहेत ते मोजलेलं नाही, पण कप्प्याचं दार लागत नाही. त्यातली एकही मी विकत घेतलेली नाही आणि एकही थंडीत अंगावर घेतलेली नाही. डोंबिवलीत शाल पांघरण्यासारखी थंडी पडते कधी? सगळ्या समारंभांत मिळालेल्या. गंमत म्हणजे त्यातले माझे स्वतःचे सत्कार अगदी थोडे. बाकीच्या शाली मला दुसऱ्यांचे सत्कार ठरवल्याबद्दल मिळाल्या आहेत.

संपादकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, ताई, तुमच्या क्षेत्राबद्दल काहीतरी प्रेरणादायी लिहा. मी म्हटलं, प्रेरणा संपली आहे, अनुभव थोडा शिल्लक आहे, चालेल का? ते चालेल म्हणाले. तेव्हा पुढच्या मजकुराची जबाबदारी त्यांची.

मी विशेष शिक्षिका. आधी डोंबिवलीत शाळेत शिकवलं, मग बरीच वर्षं प्रौढांची कार्यशाळा चालवली. हे दुसरं काम बाहेरच्या लोकांना समजावून सांगावं लागतं. बौद्धिक अपंगत्व असलेलं मूल शाळेत जातं इथवर सगळ्यांना ठाऊक असतं. पण ते अठरा वर्षांचं होतं, शाळा संपते, आणि मग? मग ते घरी बसतं, आणि त्याच्याबरोबर त्याची आईही घरी बसते. कार्यशाळा म्हणजे या मोठ्या झालेल्या माणसांना सकाळी उठून जायची जागा. तिथे पणत्या रंगवतात, उटण्याची पाकिटं भरतात, कागदी पिशव्या चिकटवतात. पिशव्यांना फार महत्त्व देऊ नका. खरं काम हे की त्या माणसाच्या दिवसाला आकार येतो आणि त्याच्या आईला बँकेत जायला, डॉक्टरकडे जायला किंवा नुसतं आडवं व्हायला चार तास मिळतात.

निवृत्त झाल्यावर ठाण्यातल्या एका न्यासाने मला निवड समितीवर घेतलं. हा न्यास दरवर्षी अपंगांसाठी काम करणाऱ्या व्यक्तींना आणि गटांना पुरस्कार देतो. शिक्षक, थेरपिस्ट, मदतनीस, संस्था, असे प्रकार. अर्ज यायचे, आम्ही ते वाचायचो, मग कुणीतरी प्रत्यक्ष जाऊन बघायचं. ते कुणीतरी म्हणजे मी. समितीतल्या बाकीच्यांना मधुमेह होता किंवा नातवंडं होती. मला दोन्ही नव्हतं, त्यामुळे ठाण्यापासून कल्याणच्या पुढपर्यंत रिक्षा बदलत मी हिंडत असे.

एखादी संस्था चांगली आहे हे तासाभरात कसं ओळखायचं, असं मला अनेकांनी विचारलं आहे. माझी पद्धत साधी होती. आधी संडास बघायचा. मग एका कोपऱ्यात खुर्ची घेऊन बसायचं आणि चहा येण्याची वाट बघायची. चहा आला की तो कुणाकुणाला विचारला जातो ते बघायचं. कल्याणला एका संस्थेत माझ्या स्वागताला नवे गणवेश, स्वागतगीत, रांगोळीत माझं नाव, सगळा थाट. संचालक स्वतः हिंडून दाखवत होते. एका चाकाच्या खुर्चीतल्या गृहस्थांसमोर थांबून ते मला म्हणाले, ‘याला सगळं कळतं हां मॅडम.’ त्या गृहस्थांनी माझ्याकडे बघितलं आणि मी त्यांच्याकडे. ज्याला सगळं कळतं त्याच्या डोक्यावरून आपण बोलतो आहोत, हे संचालकांना तेवढं कळत नव्हतं. चहा फक्त संचालकांसाठी आणि माझ्यासाठी आला. मी शिफारस केली नाही. पुढच्या वर्षी त्यांना दुसऱ्या कुणाचा तरी मोठा पुरस्कार मिळाला आणि त्याची बातमी त्यांनी मला आवर्जून पाठवली.

खरोखर चांगली माणसंही सापडायची. पण त्यांचा सत्कार करणं नेहमी त्यांच्या भल्याचं ठरे असं नाही. एक तरुण फिजिओथेरपिस्ट होती, ठाण्याची. हात इतका हलका की ताठरलेलं पोर तिच्या मांडीवर सैल व्हायचं. तिची निवड झाल्याचं सांगायला मी फोन केला तर ती म्हणाली, ‘मॅडम, प्लीज नको. आम्ही पाच जणी आहोत. मला एकटीला दिलंत तर उद्यापासून मी डबा कोणाबरोबर खाऊ?’ आमच्या क्षेत्रात पगार तुटपुंजे, कौतुक त्याहून तुटपुंजं. पाच उपाशी माणसांत एकीला लाडू दिला की काय होतं ते तिला माहीत होतं. तिच्यामुळेच पुढे न्यासाने गटांसाठी वेगळा पुरस्कार सुरू केला, आणि मी सांगणार आहे ती गोष्ट त्या गट-पुरस्काराची आहे.

त्याआधी एका शब्दाबद्दल सांगायला हवं. आमच्या क्षेत्रात सगळेच त्यांना ‘मुलं’ म्हणतात. ‘आमची मुलं.’ वय वीस असो की पन्नास. हा शब्द प्रेमाचा आहे, मीसुद्धा आयुष्यभर वापरला. एका दिवाळीत न्यासाच्या एका उत्साही विश्वस्तांनी डोंबिवलीच्या कार्यशाळेतल्या मुलांसाठी भेटवस्तू पाठवल्या. खोके उघडले तर आत रंगवायची चित्रं, चॉकलेटं आणि कार्टूनवाले टी-शर्ट, आठ ते दहा वर्षांच्या मापाचे. समोर मिशीवाले बाप्ये आणि केस पिकायला लागलेल्या बायका. नीलेश नावाचा आमचा एक धिप्पाड गडी आहे, पस्तिशीचा. त्याने तो टी-शर्ट डोक्यातून घातला आणि तो गळ्याशीच अडकला. काढायला दोघं लागले. मी विश्वस्तांना फोन केला तर ते बिचारे गोंधळून म्हणाले, ‘ताई, तुम्हीच तर म्हणता ना, मुलं म्हणून?’ टी-शर्ट आम्ही जमीन पुसायला वापरले.

ती कार्यशाळा माझीच जुनी, कोपर स्टेशनजवळची. मी सोडल्यावर ती अर्चनाने चालवायला घेतली. माझ्याच हाताखाली तयार झालेली, बोलण्यात चटपटीत, मनाने फार हळवी. मदतीला कल्पनाताई, गाडीवर दत्ताराम. आणि सुनंदा.

सुनंदाला डाऊन सिंड्रोम आहे. चाळिशी ओलांडली आहे. बुटकी, गोल, जाड भिंगाचा चष्मा मागे इलॅस्टिकने बांधलेला, तेल लावून घट्ट वेणी. कार्यशाळा सुरू झाली तेव्हा आलेली पहिली ती. पिशव्या चिकटवण्यात तिला कधीच रस नव्हता. तिने आपलं काम आपणच शोधलं. सकाळी सतरंज्या घालायच्या, पाण्याच्या बाटल्या ज्याच्या त्याच्यासमोर ठेवायच्या, नीलेशला डबा भरवायचा, कारण तो तिच्याशिवाय कुणाच्या हातून खात नाही. आणि हजेरी घ्यायची.

सुनंदाची हजेरी हा बघण्यासारखा प्रकार आहे. तिला वाचता येत नाही. ती मधोमध उभी राहते, हात मागे बांधते आणि बसलेल्या क्रमाने एकेक नाव घेते. समोरच्याने ‘हजर’ म्हटल्याशिवाय पुढे जात नाही. ज्यांना बोलता येत नाही त्यांनी हात वर करायचा. कुणी आलेलं नसेल तर ते का आलेलं नाही हे कुणीतरी सांगावं लागतं. ताप, गाव, लग्न, काय असेल ते. कारण कळलं की मान हलवून पुढचं नाव. प्रकाश म्हणून एक होता, तो तीन-चार वर्षांपूर्वी गेला. त्याचंही नाव ती अजून घेते, स्वतःच ‘देवाघरी’ म्हणते आणि पुढे सरकते. सगळ्यांत शेवटी ती मोठ्या आवाजात ‘सुनंदा’ अशी हाक मारते, क्षणभर थांबते आणि मग आपल्या नेहमीच्या आवाजात ‘हजर’ म्हणते. तेव्हा कुठे दिवस सुरू होतो.

न्यासाच्या समारंभाशी तिचा संबंध असा, की तबक धरायला दरवर्षी तिला बोलावत. शाल, श्रीफळ आणि स्मृतिचिन्ह ठेवलेलं तबक घेऊन कुणीतरी पाहुण्यांच्या बाजूला उभं राहावं लागतं, आणि अपंगांच्या कार्यक्रमात ते ‘आपल्या मुलांपैकी’ कुणी असलं की फोटो चांगला येतो असं आयोजकांचं मत. सुनंदा तबक उत्तम धरायची. हलायची नाही, कंटाळायची नाही. प्रत्येकाचं नाव पुकारलं जायचं, शाल उचलली जायची, टाळ्या व्हायच्या. कार्यक्रम संपला की ती माझ्याकडे यायची आणि विचारायची, ‘ताई, माझा नंबर कधी?’

मी सांगायचे, येईल हं. असं किती वर्षं सांगितलं असेल देव जाणे. तिने विचारणं सोडलं नाही.

मग शीळफाट्याची भानगड झाली. कार्यशाळेची सहल गेली होती. परत येताना शीळफाट्याजवळ एक टँकर आडवा झाला आणि सगळ्या बाजूंनी रस्ता तुंबला. दुपारचे अडकलेले हे लोक अंधार पडेपर्यंत तिथेच. शीळफाट्याला अडकणं हे आपल्या भागात नवं नाही, पण गाडीत कोण आहे ते लक्षात घ्या. दोघांना फिट्स येतात. एकाला लघवी सांगता येत नाही. नीलेशला हॉर्नचा आवाज सहन होत नाही, तो डोकं आपटून घेतो, आणि चारी बाजूंनी हॉर्न. बाजूच्या गाड्यांतले लोक काचेतून बघत होते आणि एक जण मोबाइलवर शूटिंग करत होता.

दत्तारामने त्या शूटिंगवाल्याला काय सांगितलं ते दिवाळी अंकात छापण्याजोगं नाही. मग तो चालत जाऊन पाणी आणि बिस्किटं घेऊन आला. कल्पनाताईंनी पडद्याचा आडोसा करून एकेकाला सांभाळलं. अर्चना फोनवर घरोघरच्या आयांना धीर देत होती. आणि सुनंदाने आपली ओढणी नीलेशच्या कानांवरून गुंडाळली, त्याचं डोकं पोटाशी धरलं आणि हजेरी घ्यायला सुरुवात केली. एक हजेरी झाली की पुन्हा पहिल्यापासून. अर्चना मला नंतर म्हणाली, ‘ताई, मी आतून पार संपलेले. पण तिने माझं नाव घेतलं ना, अर्चनाताई, की मला हजर म्हणायलाच लागायचं. मग मी जाऊ कुठे?’ कुणालाही काही झालं नाही. सगळे घरी पोचले.

त्या वर्षी गट-पुरस्कारासाठी त्यांचा अर्ज आला. त्यात गटातली नावं चार होती. अर्चना, कल्पना, दत्ताराम, सुनंदा.

समितीच्या बैठकीत या अर्जाबद्दल कुणाचं दुमत नव्हतं, चौथ्या नावापर्यंत. आमचे अध्यक्ष बँकेतून निवृत्त झालेले, अतिशय सज्जन आणि नियमाचे पक्के. त्यांनी चष्मा वर करून विचारलं, ही सुनंदा कर्मचारी आहे का? मी म्हटलं, सकाळी सगळ्यांच्या आधी येते. ते म्हणाले, ते नव्हे, नेमणूक आहे का? नव्हती. ती तिथे लाभार्थी म्हणून नोंदलेली. लाभार्थी हा आमच्या कागदांवरचा शब्द. ज्याला सेवा मिळते तो लाभार्थी आणि जो देतो तो कर्मचारी. मी बरंच बोलले. नीलेशला डबा कोण भरवतं, गाडी कुणी शांत ठेवली, एखादी बाई वीस वर्षं काम करते आणि तरी तिला लाभार्थीच म्हणायचं का, वगैरे. दोघं-तिघं माना हलवत होते.

अध्यक्षांचं म्हणणं अगदीच चुकीचं होतं असंही नाही. ते म्हणाले, ‘ताई, मला पटतंय हो. पण आज आपण हे केलं की उद्या प्रत्येक संस्था आपल्या एकेका मुलाचं नाव घालेल, कौतुक म्हणून. मग हा पुरस्कार कामाचा राहील का?’ शेवटी असं ठरलं की नावं तिघांची, पण मानपत्रात सुनंदाचा आवर्जून उल्लेख करायचा. मी मत विरुद्ध नोंदवलं आणि समोसा खाल्ला. या वयात भांडण हरल्यावर भूक लागते.

खरी पंचाईत वेगळीच होती. अर्चनाने अर्ज पाठवला त्याच दिवशी उत्साहाच्या भरात सुनंदाला सांगून टाकलं होतं, की यंदा तुझं नाव पुकारणार.

सुनंदाची आई मूळची देवगडकडची, आता पंचाहत्तरीपुढची. नवरा गेल्यापासून दोघीच कोपरला राहतात. निर्णय झाल्यावर मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चहा केला, तिघींसाठी. सुनंदा आत साडी बघत होती. कुठली नेसायची याची तालीम आठवडाभर चालली होती. मी विचारलं, तिला सांगू का, नाव नाही म्हणून? आई म्हणाल्या, ‘मी तिला लय गोष्टी सांगितल्या हो. बाबा येणार नाही, भाऊ आता पुण्यालाच राहणार, तुझं लग्न नाय व्हायचं. सगळं मीच सांगितलं. आता हे मी नाय सांगणार. आणि तुम्हीपण नका सांगू. आठ दिवस तरी राहू दे तिला खुशीत.’

मी कपातला चहा संपवला आणि घरी आले. त्या रस्त्याने मी हजारदा चालले आहे, पण त्या दिवशी इतकी दमले की मधे एका दुकानाच्या पायरीवर बसले. इतकी वर्षं हे काम करून मी या निष्कर्षाला आले आहे की माणूस अपंगत्वाने थकत नाही, समजावून सांगण्याने थकतो.

समारंभ ठाण्यात, रविवारी दुपारी. आमच्या समारंभांची एक रीत आहे. ज्यांचा सत्कार करायचा त्यांच्या आधी सत्कार करणाऱ्यांचा सत्कार होतो. प्रमुख पाहुणे, अध्यक्ष, विश्वस्त, समितीचे सदस्य. त्यात अर्धा कार्यक्रम जातो. त्यामुळे खरे मानकरी व्यासपीठावर येईपर्यंत आम्ही सगळे आपापली शाल-श्रीफळं मांडीवर घेऊन खुर्च्यांत ओळीने बसलेले असतो. त्या दिवशी प्रमुख पाहुणे एक उद्योजक होते. ते उशिरा आले आणि त्यांनी भाषणात ‘देवाची लेकरं’ हा शब्द इतक्यांदा वापरला की मी ऐकायचं सोडून दिलं.

सुनंदा मोरपिशी साडी नेसून आली होती, आईची, सोनेरी काठाची. वेणीत गजरा. दारातून आत शिरताच एका कार्यकर्त्याने तिला ओळखलं आणि सवयीने तिच्या हातात तबक दिलं. तिनेही सवयीने घेतलं. कार्यक्रमाआधी मी तिच्याजवळ गेले. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात तीच म्हणाली, ‘ताई, आज माझा नंबर.’ मी तिच्या साडीच्या निऱ्या नीट केल्या आणि जागेवर जाऊन बसले. तिची आई तिसऱ्या रांगेत पर्स घट्ट धरून बसली होती.

गट-पुरस्काराची वेळ आली. निवेदन करणारी मुलगी छान होती, आवाज स्वच्छ. तिने मानपत्र वाचलं. शीळफाटा, टँकर, पाणी, बिस्किटं. ‘याच गटाच्या प्रेमळ छायेतल्या एका गोड मुलीनेही या प्रसंगी धीर न सोडता...’ असं एक वाक्य त्यात होतं. हाच तो आवर्जून केलेला उल्लेख. चाळिशी ओलांडलेली ती गोड मुलगी पाहुण्यांच्या उजव्या हाताला तबक धरून उभी होती आणि हे आपल्याबद्दल आहे याचा तिला पत्ता नव्हता. ती नावाची वाट बघत होती.

अर्चनाचं नाव घेतलं. ती आली, शाल झाली, टाळ्या. अर्चनाने सुनंदाकडे बघायचं टाळलं. कल्पनाताई आल्या. मग दत्ताराम, इस्त्रीच्या शर्टात अवघडलेला. तबकातली शेवटची शाल उचलली गेली, शेवटचा नारळ गेला. फोटोवाला पुढे आला. निवेदिकेने पान उलटलं आणि म्हणाली, ‘आणि यानंतर...’

‘सुनंदा,’ असा आवाज आला.

मोठा, स्पष्ट, हजेरी घेतानाचा. निवेदिका दचकून थांबली. पाहुण्यांनी मागे बघितलं, त्यांना वाटलं कुणी कुणाला हाक मारली. मला ठाऊक होतं आता काय होणार. सुनंदा थांबली, रोज जेवढी थांबते तेवढीच. मग आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाली, ‘हजर.’

माइक जवळ होता, त्यामुळे ते सभागृहभर ऐकू गेलं. मागे कुणीतरी हसलं. मग हसू विरलं, कारण तिने रिकामं तबक पाहुण्यांच्या हातात दिलं. ‘धरा,’ म्हणाली. तिला हात मोकळे हवे होते. उद्योजकांनी ते धरलं आणि सुनंदा दत्तारामच्या शेजारी, रांगेत चौथी, जाऊन उभी राहिली. नमस्कारासाठी हात जोडले, शालीसाठी मान किंचित वाकवली. इतकी वर्षं ती हे जवळून बघत आली होती.

आणि शाल नव्हती. तिघांची नावं, तिघांच्या शाली, हिशेब बरोबर होता. पाहुणे तबक धरून उभे. तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझ्या मांडीवर एक शाल आहे. तासाभरापूर्वी मिळालेली, या लोकांची निवड केल्याबद्दल. मी उठले. गुडघे कुरकुरले. तिच्या खांद्यावर शाल घातली, आणि वळते तर मागे आमचे अध्यक्ष उभे होते, स्वतःचा नारळ हातात घेऊन. ते माझ्याकडे न बघता तिला म्हणाले, ‘घ्या, सुनंदाताई.’ आमच्या समारंभांत तिला अहो-जाहो करताना मी कुणालाच ऐकलं नव्हतं.

निवेदिकेने प्रसंग ओळखला. माइक सुनंदापुढे नेऊन पूर्ण नाव विचारलं. सुनंदाने सांगितलं, वडिलांच्या नावासकट. टाळ्या झाल्या, पण तिचं तिकडे लक्ष नव्हतं. ती नारळ दोन्ही हातांनी धरून खाली आईकडे बघत होती. आई टाळ्या वाजवत नव्हत्या. त्या पर्स उघडून काहीतरी शोधत होत्या आणि ते त्यांना बराच वेळ सापडलं नाही. मी मुकाट्याने रडले. मला आता या वयात त्याची लाज वाटत नाही.

गोष्ट इथे संपली असती तर संपादकांना हवी होती तशी प्रेरणादायी झाली असती. पण तसं काही झालं नाही. पुढच्या बैठकीत अध्यक्षांनीच सांगितलं की तो प्रसंग अपवाद म्हणून ठीक, नियम आहे तसाच राहील. त्यांचा आवाज पडलेला होता, पण नियम राहिला. कार्यशाळेच्या नोंदीत सुनंदा आजही लाभार्थीच आहे. अर्चनाने दोनदा नोकरी सोडायचं ठरवलं आणि दोनदा सोडली नाही. आईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन करायचं आहे, पण त्या दिवसांत सुनंदाला कोण बघणार हे ठरत नाही, म्हणून ते लांबतं आहे. नारळ त्यांनी शोकेसमध्ये ठेवलाय. सुनंदा फोडू देत नाही. आतलं पाणी कधीच आटलंय, हलवला की खुळखुळतो.

मी समितीचा राजीनामा दिला. कारण प्रकृतीचं दिलं, आणि ते खोटंही नव्हतं.

परवा न्यासातून फोन आला. नवा मुलगा होता, नम्र. यंदाच्या समारंभाचं निमंत्रण दिलं आणि म्हणाला, मॅडम, एक मदत हवी होती, तबक धरायला तुमच्या कार्यशाळेतली एक-दोन मुलं मिळतील का? मी म्हटलं, आमच्याकडे मुलं नाहीत हो, सगळी मोठी माणसं आहेत. तो गोंधळला. मी त्याला म्हटलं की सुनंदाताई आता तबक धरत नाहीत, त्यांचा सत्कार होऊन गेला आहे.

‘मग तबक कोण धरणार?’ त्याने विचारलं. अगदी मनापासून विचारलं होतं. त्याला खरंच प्रश्न पडला होता.

मी धरीन, म्हटलं. तो हसला, त्याला वाटलं मी थट्टा करते आहे. मी करत नव्हते.

दुसऱ्या दिवशी कार्यशाळेत गेले. सुनंदा सतरंज्या घालत होती. तिला सांगितलं की यंदा तबक मी धरणार आहे. तिने काम थांबवलं आणि माझ्या हातांकडे बघितलं. हल्ली ते थरथरतात.

‘पाडाल,’ ती म्हणाली.

मग आत जाऊन डब्यांचं ताट घेऊन आली, त्यावर पाण्याची एक भरलेली बाटली ठेवली आणि ते माझ्या हातात दिलं. कोपर अंगाला चिकटवा, असं हाताने दाखवलं. मी चिकटवलं. ती थोडी मागे सरली, हात मागे बांधले आणि हजेरी सुरू केली. एकेक नाव, एकेक हजर. प्रकाश देवाघरी. सुनंदा हजर. मी ताट धरून उभी. वाटलं, संपलं. पण ती थांबली होती, माझ्याकडे बघत, आणि मग तिने माझं नाव घेतलं.

‘हजर,’ मी म्हटलं.